ब्रेस्ट रिडक्शन करायचंय? आधी घराची सोय लावा, मग तारीख घ्या

गेल्या वर्षी जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात माझं ब्रेस्ट रिडक्शनचं, म्हणजे छातीचा आकार कमी करायचं ऑपरेशन झालं, आता सव्वा वर्ष होत आलं. तेव्हापासून मैत्रिणी, मैत्रिणींच्या बहिणी, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूसुद्धा जिन्यात थांबवून हळू आवाजात विचारतात की नक्की करतात काय, दुखतं किती, आणि मुलं लहान असताना घरचं कसं जमवलंस. प्रत्येकीला तेच तेच सांगते, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मी डॉक्टर नाहीये, माझ्या अंगावरून गेलेलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलेलं सांगतेय, तुमच्या तब्येतीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या.

आधी स्वतःशी खरं बोला, त्रास काय आहे

आपल्याकडे या विषयावर बोलायचंच नसतं. छाती जड आहे म्हटलं की कुणी म्हणतं अंगाने भरलेली आहेस, कुणी म्हणतं वजन कमी कर, आणि सासरी-माहेरी दोन्हीकडे एक वाक्य ठरलेलं, देवाने दिलंय ते कापायचं कशाला. मी पंधरा वर्षं मान आणि खांदे चोळत काढली. ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर खड्डे पडले होते, बोट ठेवलं तर बोट आत बसायचं इतके खोल. उन्हाळ्यात छातीखालच्या घडीत घाम साचून लाल व्हायचं, खाज, मग बुरशी, मलम लावलं की आठ दिवस बरं की पुन्हा तेच. रात्री कुशीवर वळताना जाग यायची. लेकीच्या मागे बागेत पळायचं म्हटलं तर एक हात छातीवर धरून पळायचं.

यातलं बरंचसं तुमच्या बाबतीत असेल तर हा हौसेचा विषय नाही, हा त्रास आहे आणि त्याला डॉक्टरी भाषेत नाव आहे, मॅक्रोमास्टिया. व्यायामाने पाठीचे स्नायू मजबूत होतात आणि थोडा आराम पडतो, वजन उतरलं तर काहींची छातीही थोडी उतरते, पण ज्यांच्या छातीत चरबीपेक्षा ग्रंथींचा भाग जास्त असतो त्यांची फारशी उतरत नाही. माझं ९ किलो वजन कमी झालं, गाल बसले, ब्राचा साइज तोच राहिला. आणि ती जाहिरातीतली तेलं, क्रीम, गोळ्या यांवर एक रुपयासुद्धा घालवू नका, काही उपयोग होत नाही.

वेळ कधीची बरोबर? तुम्हाला अजून बरंच वजन उतरवायचं असेल तर आधी ते उतरवा आणि काही महिने स्थिर राहू द्या, कारण नंतर उतरलं की आकार पुन्हा ओघळतो. बाळाचं अंगावरचं दूध सुटून किमान सहा महिने तरी जाऊ द्या. लवकरच मूल हवं असेल तर बहुतेक डॉक्टर थांबायलाच सांगतात, कारण बाळंतपणात छाती पुन्हा वाढू-ओघळू शकते. आणि अठराच्या आतल्या मुलींचं सहसा वाढ पूर्ण थांबेपर्यंत करत नाहीत, पण मुलगी सोळाची आहे आणि पाठ धरून रडतेय तर तिला "चालतं गं, सगळ्यांनाच असतं" म्हणून गप्प बसवू नका, डॉक्टरांना दाखवून तर आणा.

डॉक्टर कोण हवा

प्लास्टिक सर्जन. एमबीबीएस, मग एमएस, आणि त्यानंतर प्लास्टिक सर्जरीमध्ये एमसीएच किंवा डीएनबी, आताच्या नव्या डॉक्टरांच्या पाटीवर डीआरएनबी असंही दिसेल. नुसतं कॉस्मेटॉलॉजिस्ट, ब्युटी एक्स्पर्ट, एस्थेटिक कन्सल्टंट असं लिहिलेलं असेल तर ते याला चालत नाही. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो मागायला लाजू नका, प्रिस्क्रिप्शनवरसुद्धा छापलेला असतो.

मी पहिल्यांदा जिथे गेले ते एक चकाचक क्लिनिक होतं, नाव नाही घेत. तिथे डॉक्टर भेटायच्या आधी एक मॅडम भेटल्या, त्यांनी दहा मिनिटांत पॅकेज सांगितलं आणि आज ॲडव्हान्स भरला तर वीस हजार कमी करू म्हणाल्या. मला कुणी तपासलं नव्हतं, शुगर आहे का विचारलं नव्हतं, काही नाही. मी पाणी प्यायले आणि उठून आले. ऑपरेशनला डिस्काउंटची घाई लावणारी जागा दिसली की उठा, इतकं साधं आहे ते.

नंतर ज्या डॉक्टरांकडे केलं त्यांनी पहिल्या भेटीत पाऊण तास दिला. तपासताना सोबत बाई नर्स असायलाच हवी, नसेल तर बोलवा म्हणून सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. छातीचे फोटो काढतात, चेहरा न येता, ते ऑपरेशनच्या प्लॅनिंगला लागतात, पण ते आणखी कुठे वापरणार आहेत का हे विचारा आणि जाहिरातीसाठी वापरायची परवानगी द्यायची नसेल तर त्या कागदावर सही करू नका.

विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या, कारण तिथे अंगावर नुसता गाऊन असताना अर्धे प्रश्न विसरायला होतात. माझ्या वहीतले हे होते: तुम्ही वर्षाला अशी किती करता, व्रण कुठे कुठे येणार, निप्पलची संवेदना जाईल का, पुढे बाळाला पाजता येईल का, भूलतज्ज्ञ कोण, हॉस्पिटलमध्ये आयसीयू आहे का, काढलेला भाग तपासणीला पाठवता का, आणि जखम उघडली किंवा पुन्हा काही करावं लागलं तर खर्च कुणाचा. शेवटचा प्रश्न विचारताना माझा आवाज बारीक झाला होता पण डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिलं, चांगले डॉक्टर देतातच.

आत नक्की करतात काय

पूर्ण छाती काढत नाहीत, हे आधी डोक्यातून काढा, आईला हे समजवायला मला दोन फोन लागले. जास्तीची चरबी, ग्रंथींचा भाग आणि सैल कातडी काढतात, राहिलेल्याला आकार देतात आणि निप्पल वरच्या जागी आणतात. निप्पल बहुतेक वेळा कापून वेगळं करत नाहीत, ते खालच्या मांसाच्या एका पट्ट्याला जोडलेलंच राहतं, त्या पट्ट्यातून रक्त आणि नसा येत असतात, आणि तो पट्टा तसाच वर सरकवतात. फारच मोठी, खूप ओघळलेली छाती असेल तर मात्र कधी कधी निप्पल वेगळं काढून परत बसवावं लागतं, तेव्हा संवेदना आणि दूध दोन्ही जातं, हे आधीच स्पष्ट विचारून घ्या.

व्रणांचे मुख्य दोन प्रकार. एक, निप्पलभोवती गोल आणि तिथून खाली एक उभी रेघ. दुसरा, त्याच्या जोडीला छातीखालच्या घडीत एक आडवी रेघ, म्हणजे जहाजाच्या नांगरासारखा किंवा उलट्या टी सारखा आकार. या दुसऱ्याची आखणी रॉबर्ट वाइज नावाच्या सर्जनने १९५६ साली मांडली होती आणि आजही मोठी छाती असेल तर बरेच सर्जन तीच वापरतात. माझं तेच झालं. घडीतली रेघ छातीखालीच लपते, उभी रेघ दिसते. नुसत्या लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून काढून, करून घेऊ असं काहींना वाटतं, पण त्याने ओघळलेपण जात नाही, मोजक्याच बायकांना ते चालतं.

साइज काय मिळेल हे कुणी लिहून देत नाही. कपचा साइज प्रत्येक कंपनीचा वेगळा. "मला पळता आलं पाहिजे आणि अंगाला शोभलं पाहिजे" असं बोला, फोटो दाखवा, पण अमुकच नंबर हवा म्हणून अडून बसू नका, कारण निप्पलचा रक्तपुरवठा टिकवायला काही भाग ठेवावाच लागतो.

पैसे आणि इन्शुरन्स

खाजगीत खर्च लाखाच्या पुढेच जातो आणि शहर, हॉस्पिटल, रूम यावर पुष्कळ फरक पडतो. आकडा विचारताना त्यात भूल, औषधं, सपोर्ट ब्रा, तपासणी आणि नंतरची ड्रेसिंगं धरलीत का ते विचारा, मला ड्रेसिंगचे वेगळे भरावे लागले. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, खर्च खूप कमी पण वेळ द्यावा लागतो, भाजलेले, अपघाताचे पेशंट आधी घेतात आणि ते बरोबरच आहे.

इन्शुरन्सचं असं आहे की पॉलिसीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, पण त्याच कलमात पुढे सूट असते, अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची दुरुस्ती किंवा तब्येतीला थेट धोका आहे म्हणून वैद्यकीय गरजेने केलेली असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं लिहून दिलं असेल तर. म्हणून मानदुखीचे ऑर्थोपेडिकचे पेपर, फिजिओथेरपीच्या पावत्या, त्वचेच्या डॉक्टरची चिठ्ठी, सगळं जपून ठेवा आणि आधी लेखी विचारा. माझा क्लेम नाकारला, खरं सांगते, पण निदान आधी विचारल्यामुळे ऐनवेळी धक्का बसला नाही. अमेरिकेत राहणारी माझी मावसबहीण सांगत होती की तिकडच्या बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या अंगाच्या मापाच्या हिशोबाने अमुक ग्रॅम तरी काढले गेले पाहिजेत अशी अट घालतात, तेव्हा बाहेर असाल तर तुमच्या पॉलिसीत ते बघा.

ऑपरेशनच्या आधीचे दोन महिने

रक्ताच्या तपासण्या, शुगर, थायरॉइड, ईसीजी, छातीचा एक्स-रे, आणि छातीची सोनोग्राफी, चाळिशीच्या पुढे असाल तर मॅमोग्राफीपण, म्हणजे स्तनांचा खास एक्स-रे. घरात आई, मावशी, बहीण कुणाला ब्रेस्ट कॅन्सर झाला असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. हिमोग्लोबिन बघा, आपल्या बायकांचं कमीच असतं, माझं ९.४ निघालं आणि लोहाच्या गोळ्या घेऊन ते वर आणण्यात सहा आठवडे गेले, तारीख त्यामुळेच डिसेंबरची जानेवारी झाली.

आता एक गोष्ट जी मी खास लिहितेय कारण बायका ती सांगत नाहीत. मिशरी. दात घासायची म्हणून घेतात, तंबाखू म्हणून मोजतच नाहीत. डॉक्टर विचारतात सिगारेट ओढता का, आपण म्हणतो छे, आणि विषय संपतो. पण मिशरीत निकोटिन असतंच, आणि निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मग कातडीला आणि निप्पलला रक्त कमी पोचतं, जखम भरत नाही, निप्पल काळं पडायचा धोका वाढतो. सिगारेट, मिशरी, तपकीर, गुटखा, काहीही असो, डॉक्टरांना सांगा आणि निदान चार ते सहा आठवडे आधी बंद करा आणि नंतरही तेवढेच दिवस नको. माझ्यासोबत त्याच आठवड्यात ऑपरेशन ठरलेल्या एका ताईंची तारीख याच कारणाने पुढे ढकलली, त्यांना आधी राग आला होता पण डॉक्टरांनी बरोबर केलं असंच मी म्हणेन.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या, व्हिटॅमिन ई, लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, वैद्यांचे काढे, सगळ्यांची यादी द्या. आपल्या मनाने काही बंद करू नका आणि लपवूही नका.

घराची सोय, हे सगळ्यात महत्त्वाचं

ऑपरेशन दोन-चार तासांचं असतं, ते डॉक्टर करतात. त्यानंतरचे सहा आठवडे घर कोण चालवणार हे तुम्हाला ठरवायचंय, आणि माझ्या ओळखीत ज्या ज्या बायकांना त्रास झाला त्यातल्या बहुतेकींना टाक्यांनी नाही, लवकर कामाला लागल्यामुळे झाला.

नियम ऐकायला सोपा आहे, जड उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, ढकलायचं-ओढायचं नाही. आता हा नियम घेऊन आपल्या स्वयंपाकघरात एक फेरी मारा. भरलेला पाच लिटरचा कुकर, नाही. पाण्याने भरलेली बादली, नाही. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा, नाही. कपडे वाळत घालायची वरची दोरी, नाही. फरशी पुसणं, गादीची चादर ओढून बसवणं, सिलेंडर सरकवणं, पाटा-वरवंटा, नाही. आणि कणीक. कणीक मळताना सगळा जोर छातीच्या स्नायूंवर येतो, हे मला माहीतच नव्हतं. अठराव्या दिवशी मला वाटलं बरी आहे मी, दोन पोळ्यांपुरती मळते, तर तिसऱ्या दाबालाच डाव्या बाजूच्या खालच्या टाक्याला असा चटका बसला की परात तशीच ठेवून खुर्चीत बसले, आणि संध्याकाळी त्या जागी ब्राला पिवळसर ओल दिसली. टाक्याची जागा मुगाच्या दाण्याएवढी उघडली होती. ती भरायला पुढे तीन आठवडे गेले. दोन पोळ्यांसाठी.

म्हणून तारीख घेण्याआधी हे ठरवा: पोळ्यांना बाई किंवा पोळी-भाजी केंद्र, धुण्या-भांड्याला कोण, मुलांना शाळेत कोण सोडणार, आणि पहिले दहा दिवस रात्री तुमच्याजवळ कोण झोपणार. मी आईला बोलावलं होतं आणि सासूबाईंनी स्वतःहून पोळ्यांचा भार घेतला. सासूबाईंशी मी आधी नीट बसून बोलले, "आई, मला मानेचा त्रास तुम्ही बघताच, त्याचं ऑपरेशन आहे, छातीचं आहे, दीड महिना मला काही उचलता येणार नाही," एवढंच. मला वाटलं होतं नाक मुरडतील, तर म्हणाल्या माझीपण पाठ अशीच गेली, तेव्हा विचारायचं कुणाला. त्या दिवशी मी खोलीत जाऊन रडले.

लहान मूल असेल तर त्याला उचलायचं नाही हे सगळ्यात अवघड. माझी लेक तेव्हा चार वर्षांची, १५ किलोची. आम्ही तिला महिनाभर आधीपासून सवय लावली, मी खाली बसायचं आणि तिने बाजूने येऊन बसायचं, मागून गळ्यात हात. अंगावर उडी नाही.

रोज लागणारं सगळं कमरेच्या उंचीला काढून ठेवा. समोरून बटणं किंवा चेन असलेले चार-पाच गाऊन, शर्ट घ्या, डोक्यावरून घालायचं काही नको. पाठीला टेकायला तीन-चार उशा, स्ट्रॉचा पाण्याचा सिपर, चार्जरची लांब वायर. केस मोठे असतील तर आदल्या दिवशी धुऊन घट्ट वेणी घाला, कारण पुढचे बरेच दिवस स्वतःचे केस स्वतः बांधता येत नाहीत. आणि महिना निवडताना उन्हाळा टाळा, घट्ट ब्रा चोवीस तास घालून मे महिन्यातला घाम सोसायचा म्हणजे हाल. गणपती, दिवाळी, घरातलं लग्न यांच्या तोंडावरही नको, पाहुणे आले की आपण पडून राहू शकत नाही, उठतोच.

त्या दिवशी

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चमकी घरी काढून ठेवा. नेलपेंट आणि बोटांवरची मेंदी नको, बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावतात. किती तास उपाशी राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील, साधारण रात्रीच्या जेवणानंतर काही नाही, ते काटेकोर पाळा, चहाचा घोटसुद्धा नाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर तुम्हाला उभं करून मार्करने आखणी करतात. हाच क्षण मला सगळ्यात अवघड गेला. गळ्याच्या खालच्या खळगीपासून टेप लावून मोजतात, रेघा ओढतात, मागे सरकून बघतात, पुन्हा मोजतात. पंधरा-वीस मिनिटं. एसी थंड, मार्करचं टोक थंड, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. नर्सने माझा हात धरून ठेवला होता. ती आखणी झोपल्यावर करता येत नाही, कारण झोपल्यावर छाती बाजूला पसरते, म्हणून उभंच राहावं लागतं, हे माहीत असलं की जरा सोपं जातं.

मग पूर्ण भूल. दोन ते चार तास लागतात. जाग आली तेव्हा घसा कोरडा, थंडी वाजत होती, मळमळ होती, छातीवर कुणीतरी घट्ट पट्टा आवळल्यासारखं. दोन्ही बाजूंना बारीक नळ्या आणि त्यांना छोट्या बाटल्या, त्याला ड्रेन म्हणतात, आतलं साचलेलं रक्त-पाणी त्यातून येतं. सगळेच डॉक्टर लावत नाहीत. माझ्या दुसऱ्या दिवशी काढल्या, काढताना आतून काहीतरी सरकत गेल्यासारखं वाटतं, दोन सेकंद. माझं डावीकडून ६२० आणि उजवीकडून ७१० ग्रॅम निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने धरून उभं केलं आणि मी नेहमीच्या सवयीने खांदे पुढे ओढायला गेले, तर ओढायला काही नव्हतंच. टाके दुखत होते, चक्कर येत होती, आणि मान हलकी होती. ते मी विसरणार नाही.

पहिले दोन आठवडे

दुखणं सहन होण्यासारखं असतं, पहिले तीन-चार दिवस गोळ्या वेळेवर घ्या, दुखायची वाट बघून घेऊ नका. पाठीवर, डोक्याकडची बाजू उंच ठेवून झोपायचं. उठताना हातावर जोर नाही, कुणालातरी पाठीला हात लावायला सांगा. खोकला, शिंक आली की उशी छातीशी धरा. हळूहळू घरातल्या घरात चालत राहा, पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो. भुलीने आणि गोळ्यांनी पोट साफ होत नाही, ताक, पपई, भरपूर पाणी, आणि नाहीच झालं तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या. जखम भरायला प्रोटीन लागतं, म्हणून वरण, मूग, पनीर, अंडी, मासे, जे खात असाल ते रोज पोटात जाऊ द्या. आमच्याकडे कुणीतरी "टाक्यात पू होतो, डाळ खाऊ नकोस" म्हणालं, डॉक्टर म्हणाले उलट खा.

सपोर्ट ब्रा दिवसरात्र, साधारण चार ते सहा आठवडे, तारेची नाही. अंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच, तोवर ओल्या टॉवेलने अंग पुसा. पहिल्यांदा आरशात बघाल तेव्हा घाबरू नका. सूज, हिरवे-निळे डाग, छाती वर चढलेली आणि चौकोनी दिसते, दोन बाजू वेगळ्या दिसतात. सूज उतरत जाते तशी ती खाली बसते आणि गोलाई येते, त्याला काही महिने लागतात. निप्पलला मधूनच करंट मारल्यासारखं होतं किंवा काहीच जाणवत नाही, नसा जाग्या होतायत. साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी मला उगाचच रडू येत होतं, हे केलंच कशाला असं वाटत होतं. पुष्कळ जणींना होतं, चार दिवसांत निवळलं.

लगेच फोन करायचा, सकाळची वाट न बघता, तो या गोष्टींसाठी: एकच बाजू एकदम फुगली आणि टणक झाली, निप्पल काळं-निळं पडतंय, १०१ च्या वर ताप, घाण वासाचा स्राव, पसरत जाणारी लाली. आणि पोटरी सुजून दुखतेय किंवा दम लागतोय, छातीत आत कळ येतेय, तर फोन नाही, सरळ हॉस्पिटल.

दोन ते सहा आठवडे

बसून काम असेल तर बऱ्याच जणी दोन आठवड्यांत ऑफिसला जातात, मी तीन घेतले. लॅपटॉपची बॅग नवऱ्याने गाडीपर्यंत आणायची. रिक्षात बसलात तर खड्ड्यांना छातीशी उशी धरा, कारमध्ये बेल्टच्या खाली छोटी उशी. गाडी चालवायला ब्रेक जोरात दाबता आणि स्टिअरिंग झटकन वळवता आलं पाहिजे, तोवर नको. स्कूटर त्याहून उशिरा, मी सात आठवड्यांनी घेतली, स्टँडवर लावायला मात्र दोन महिने दुसऱ्यालाच सांगायचे. पळणं, जिम, सूर्यनमस्कार सहा आठवड्यांनंतर डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

या काळात सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते तिथली जागा थोडी उघडणं, माझी तीच उघडली. दिसायला भीती वाटते पण बहुतेक वेळा नुसत्या ड्रेसिंगने भरते. हळद, तेल, राख, मध काही लावू नका, डॉक्टरांनी दिलेलंच. आत कुठे टणक गाठ लागली तर ती चरबीचा भाग मेल्याने झालेली असू शकते, पण आपण आपलं ठरवू नका, दाखवा. निप्पलची संवेदना बऱ्याच जणींची काही महिन्यांत परत येते, काहींची कमीच राहते, माझी उजवी बाजू अजून अर्धवट आहे. बाळाला पाजण्याचं कुणी वचन देऊ शकत नाही, काही जणी पूर्ण पाजतात, काहींना थोडं दूध येतं, काहींना नाही. लग्न व्हायच्या मुलींच्या आया हाच प्रश्न आधी विचारतात. त्यांना एवढंच सांगेन की निर्णय त्या मुलीचा असू दे, आणि तो पूर्ण माहिती देऊन घेऊ दे.

व्रण, ब्लाउज आणि फाईल

आपल्या कातडीवर व्रण जाड किंवा गडद व्हायची शक्यता जास्त. आधी कान टोचल्यावर, भाजल्यावर वा टाक्यांवर गाठ वाढली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनचं जेल किंवा पट्टी आणि हलका मसाज सांगतात, रोज आणि महिनोन्महिने. व्रण आधी लाल-जांभळे होतात, फिके पडायला वर्ष-दीड वर्ष. माझी उभी रेघ आता फिकट तपकिरी आहे.

नवीन महागड्या ब्रा आणि ब्लाउज शिवायची घाई करू नका. तीन महिन्यांपर्यंत साध्या कॉटनच्या स्वस्त ब्रा, माप सहा महिन्यांनी. मी लग्नातले सात ब्लाउज टेलर काकूंकडे घेऊन गेले, त्यांनी पट्टी लावून बघितलं आणि म्हणाल्या यातले तीनच आत घेता येतील, बाकीच्यांचे टक्स इतके खोल आहेत की उसवले तर कापडावर भोकं दिसतील. पैठणीच्या ब्लाउजच्या बाह्या ठेवून पुढचा भाग नव्याने घातला, चांगला झाला.

पुढे वजन वाढलं, बाळंतपण झालं किंवा हार्मोन्स बदलले तर थोडी वाढ होऊ शकते. आणि ऑपरेशन झालं म्हणून कॅन्सरची तपासणी सुटत नाही. काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात घ्या, नुसतं "नॉर्मल आहे" ऐकून येऊ नका. तो रिपोर्ट, ऑपरेशनची नोट, डिस्चार्ज कार्ड आणि आधीची सोनोग्राफी एका फाईलला लावा, कारण ऑपरेशननंतर आत व्रण आणि चुन्यासारखे कण तयार होतात, आणि पुढे कधीही मॅमोग्राफीला गेलात तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगावं लागतं की इथे काम झालेलं आहे. माझी फाईल निळ्या रंगाची आहे, कपाटात रेशनकार्डाशेजारी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत आहे.